मुखपृष्ठाचा उंबरठा आणि गुन्हेकथेचे वाचन

लोकप्रिय नियतकालिकातील कथा ग्रंथरूपाने प्रतिष्ठित झाली की तिचे मूळ मुखपृष्ठ केवळ विक्रीचे साधन मानून बाजूला सारले जाते. अमेरिकन गुन्हेकथेच्या संदर्भात ही धारणा तपासून पाहणे आवश्यक ठरते. एच. एल. मेंकेन आणि जॉर्ज जीन नेथन यांनी १९२० मध्ये सुरू केलेले ‘ब्लॅक मास्क’ लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापले जाई. मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत आणि बहुरंगी असे. शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ आदी घटकांना जेरार जेनेट यांनी १९८७ मध्ये संहितेचे ‘उंबरठे’ म्हटले, ते येथे नेमके लागू पडते.

जोसेफ शॉ यांच्या संपादनकाळात डॅशिएल हॅमेट यांची ‘द माल्टीज फाल्कन’ या नियतकालिकात सप्टेंबर १९२९ ते जानेवारी १९३० या पाच अंकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. नियतकालिकाच्या बोधचिन्हातच मुखवट्यासोबत पिस्तूल व खंजीर होते. मुखपृष्ठांवरही रोखलेले पिस्तूल हा एक रूढ संकेत होता. मारणारा कोण आणि मरणारा कोण, हे पाहताक्षणी कळेल, असे आश्वासन हा संकेत देतो. हॅमेट यांच्या निवेदनाचे त्याच्याशी दुहेरी नाते आहे. निवेदक सॅम स्पेडच्या मनात शिरत नाही. चेहरा, हात, सिगारेट वळण्याची रीत एवढेच तो दाखवतो. म्हणजे दृष्टी चित्रकाराप्रमाणेच बाह्यलक्ष्यी आहे. परंतु चित्र ज्या बाह्य खुणांवरून निवाडा देते, त्याच खुणा देऊन निवेदन निवाडा लांबवते. स्पेडला पिस्तुलाची आवड नाही. त्याचा भागीदार आर्चर याचा खून वाचकासमोर घडत नाही. आणि साहाय्य मागायला आलेली ब्रिजिडच अखेर खुनी ठरते. मुखपृष्ठाने लावलेली वाचनाची सवय कथा अशी मोडून काढते.

याच नियतकालिकात १९३३ मध्ये पहिली गुन्हेकथा प्रसिद्ध झालेल्या रेमंड चँडलर यांनी १९४४ च्या निबंधात हॅमेट यांचा गौरव वास्तवाच्या निकषावर केला. तो यथार्थच आहे; मात्र केवळ तोच निकष लावल्यास संकेतांशी चाललेला हा झगडा नजरेआड होतो.

अर्थात मुखपृष्ठांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. १९३४ मध्ये निघालेल्या ‘स्पायसी डिटेक्टिव्ह’सारख्या नियतकालिकांनी स्त्रीचे भय आणि तिचा देह यांचाच माल केला, हे समीक्षेने स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. तथापि, मुखपृष्ठे वगळून हॅमेट यांना अभिजात ठरवणे म्हणजे त्यांनी ज्यांना छेद दिला ते संकेतच पुसून टाकणे होय.