पाठ केलेली उत्तरे : गिटारच्या शिकवणीतील ब्लूज

आरोंद्याच्या किरणपाणी पुलाखालून तेरेखोलची खाडी वाहते. पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका लागतो. माझा एक विद्यार्थी आठवड्यातून दोनदा हा पूल ओलांडून गिटार शिकायला जातो. मुलगा आमच्याच वस्तीतला; वडील चिऱ्याच्या खाणीवर कामाला. त्याने एकदा मला आपली सरावाची वही दाखवली. गिटारच्या सहा तारांच्या सहा आडव्या रेघा आणि रेघांवर आकडे, म्हणजे कोणत्या तारेवर कितव्या पट्टीत बोट ठेवायचे याचा हिशेब. खाली क्रमांक : ब्लूज लिक १, ब्लूज लिक २, असे चाळीसपर्यंत. 'लिक' म्हणजे दोन-तीन सेकंदांत संपणारा सुरांचा छोटा, ठरीव तुकडा. त्याने सातव्या क्रमांकाचा तुकडा सफाईने वाजवला आणि म्हणाला, "सर, ह्यो लिक पाठ झालो, पण खंय वाजवूचो ता कळणा नाय."

त्याची ही अडचण त्याच्या एकट्याची नाही. ब्लूज आणि रॉक ज्या पद्धतीने आज जगभर शिकवले जाते, त्या पद्धतीचे हे मूळ दुखणे आहे. गेले आठ महिने त्याच्याच वहीवरून मीही बोटे घासतो आहे. तेव्हा या शिकवणीचे गुणदोष वाचकांपुढे मांडण्याइतका अधिकार मला आहे, असे मी समजतो.

प्रथम गुण. या सरावपुस्तकांत दैवी देणगीला जागा नाही. चार बोटे, चार पट्ट्या. एकेक बोट क्रमाने टेकवा. मिनिटाला साठ ठोके धरा. स्वच्छ वाजले की पासष्ट करा. मग पाचव्या पट्टीपासून पाच सुरांची चौकट पाठ करा. आपल्याकडच्या भाषेत षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. म्हणजे धानी रागाचेच सूर. ज्या देशात कला रक्तातून येते असे शतकानुशतके सांगितले गेले, घराण्याचा दरवाजा जन्म पाहून उघडला गेला, त्या देशात 'साठाचे पासष्ट करा' हे वाक्य मला क्रांतिकारक वाटते. येथे कुळ विचारले जात नाही, श्रम मोजले जातात.

परंतु प्रस्थापितांना श्रम मान्य करवत नाहीत. रॉबर्ट जॉन्सनची दंतकथा पाहावी. मिसिसिपीचा हा काळा गायक १९११ साली जन्मला आणि १९३८ साली मेला. अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित करून गेला. आधी त्याला गिटार धड वाजवता येत नसे. काही काळ तो नाहीसा झाला आणि परतला तो असा वाजवू लागला की जुन्या वादकांनी तोंडात बोटे घातली. लोकांनी निष्कर्ष काढला : चौरस्त्यावर मध्यरात्री याने सैतानाला आत्मा विकला. वस्तुस्थिती अशी की तो त्या काळात आइक झिमरमन नावाच्या काळ्या वादकाजवळ राहून शिकत होता. कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून दोघे रात्री स्मशानात जाऊन सराव करीत, असे झिमरमनच्या घरच्यांनी पुढे सांगितले. सैतान सर्वांच्या लक्षात राहिला. गुरू विसरला गेला. आपल्याकडे एकलव्याने एकट्याने सराव करून विद्या मिळवली, तर त्याचा अंगठा मागून घेतला. तेथे अंगठा शाबूत राहिला, पण श्रमाचे श्रेय कापून नेले. खालच्या माणसाचे कौशल्य हे कष्टाचे फळ आहे, एवढे कबूल करणे वरच्यांना फार जड जाते.

आता दोष. ब्लूजचे साधे रूप बारा मात्राखंडांचे असते. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावतो. प्रत्येक ओळ संपली की थोडी जागा मोकळी राहते. त्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. लिकचे घर ते. लिक म्हणजे जबाब. शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या हाळीला दुसऱ्याने द्यायची साद, चर्चमधल्या प्रवचनाला बाकांवरून मिळणारा होकार, यांच्याशी त्याचे नाते आहे. आपल्या जलशात शाहिराची ओळ संपताच झीलकरी ती उचलतात, तुणतुणे तिला टेकू देते. तसाच हा प्रकार. सरावपुस्तक काय करते? ओळ काढून टाकते आणि जबाब तेवढा छापते. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून हा रोग मला चांगला परिचयाचा आहे. परीक्षेच्या गाइडमधून मुले उत्तरे पाठ करतात. प्रश्न जरा फिरवून आला की हात थांबतो. 'खंय वाजवूचो' या प्रश्नाचे उत्तर चाळीस लिकांच्या त्या वहीत कोठेच नाही, कारण वहीत गाणाराच नाही.

तार ताणण्याचेही तसेच. बोटाने तार दाबून वर ढकलली की सूर चढतो. ब्लूजमध्ये तो पुष्कळदा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कोठेतरी थांबतो. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या फटीत पडणारा हा सूर. वहीत त्याच्यासाठी एक वाकडा बाण असतो. तो बाण पाहून सूर सापडत नाही; गाणाऱ्याचा गळा ऐकल्यावरच सापडतो. बी. बी. किंग हा १९२५ साली मिसिसिपीतील कापसाच्या मुलखात जन्मला; त्याने कापूस वेचला, ट्रॅक्टर चालवला. नात्यातला बुका व्हाइट तारेवरून नळी सरकवून जो कंपित आवाज काढी, तो त्याला काढायचा होता. नळी काही जमेना. म्हणून त्याने बोट तारेवर थरथरवून तोच परिणाम साधण्याचा ध्यास घेतला, आणि त्यातून त्याचा जगप्रसिद्ध कंप जन्मला. आज त्या कंपाचा स्वतंत्र धडा असतो. धड्यात मनगट कसे फिरवावे ते असते. कोणाच्या आवाजाच्या ओढीने ते फिरले, हे नसते.

येथे मालकीचा प्रश्न येतो. चक बेरीच्या १९५८ सालच्या 'जॉनी बी. गुड' या गाण्याचा प्रारंभीचा तुकडा रॉक शिकणारा प्रत्येक मुलगा गिरवतो. हा तुकडा जवळजवळ जसाच्या तसा लुई जॉर्डनच्या १९४६ सालच्या एका ध्वनिमुद्रिकेत कार्ल होगन याने वाजवलेला आहे. याला मी चोरी म्हणणार नाही. बेरीने हे ऋण लपवले नाही, आणि लिक हा असाच हातातून हातात जातो. लोककलेचा तो धर्मच आहे. परंतु वारसा घेणे वेगळे आणि वारसा गिळणे वेगळे. लेड झेपलिन या इंग्लिश रॉक समूहाच्या १९६९ सालच्या एका गाजलेल्या गाण्यात आपले शब्द आहेत, असा दावा काळे गीतकार विली डिक्सन यांनी १९८५ साली न्यायालयात केला. १९८७ साली तडजोड झाली आणि त्यांचे नाव गाण्याला लागले. मधली अठरा वर्षे जगाने ते गाणे त्यांच्या नावावाचून गुणगुणले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोलिंग स्टोन्स या गोऱ्या पोरांनी १९६५ साली अमेरिकन टेलिव्हिजनवर येताना हाउलिन वुल्फ या काळ्या गायकाला सोबत आणले आणि स्वतः त्याच्या पायाशी बसले. रंगाचा अडसर असतानाही ऋण मान्य करता येते. सरावपुस्तकाला तर एक नाव छापायला अर्धी ओळ पुरेल.

कोणी विचारील, आपल्या त्रैमासिकात या गिटारचे काय काम? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. याच डू बॉइस यांच्या १९०३ सालच्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर काव्यपंक्तींखाली गुलामांच्या गाण्यांची स्वरलिपी छापली आहे, शब्दांवाचून. शेवटच्या प्रकरणात ही गाणी कोणाची व कशी जन्मली, ते सांगितले आहे. म्हणजे स्वरलिपी आणि इतिहास एकाच ग्रंथात बांधता येतात, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे.

आणखी एक कारण आमच्या घरातले. कोकणातल्या कित्येक गावऱ्हाटींत ढोल वाजवणे आमच्या लोकांच्या वाट्याला होते. वाजवायचे आम्ही, पण उभे राहायचे देवळाबाहेर. १९५६ नंतर माझ्या आजोबांनी ढोल खाली ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. तो निर्णय योग्यच होता; त्यांनी नाद नाकारला नव्हता, वेठ नाकारली होती. पण वेठीबरोबर हाताची विद्याही गेली, आणि तिचे दुःख आम्ही कधी उघड बोललो नाही. ब्लूजलाही त्यांच्यातल्या अनेक चर्चनिष्ठ, प्रतिष्ठित लोकांनी सैतानाचे संगीत म्हणून घराबाहेर ठेवले होते. त्यामुळे ही कुचंबणा एकट्या आपलीच आहे असे मानण्याचे कारण नाही.

आपल्या समीक्षेत एक वाद जुना आहे : अनुभव जळता असला की पुरे, की त्याला कलेची मेहनतही हवी? ब्लूज या वादाला चांगला साक्षीदार आहे. जॉन्सनजवळ अनुभव पहिल्या दिवसापासून होता. तरी त्याला स्मशानात बसावे लागले. भोगलेले दुःख आपोआप सूर होत नाही. आणि त्या दुःखापासून तोडलेला सराव कितीही चपळ झाला, तरी बोटांची कवायतच राहतो. दोन्ही गोष्टी एकाच हातात आल्या पाहिजेत.

माझ्या विद्यार्थ्याला मी वही फेकायला सांगितले नाही. ठोके मोजणे त्याने सोडू नये. प्रत्येक लिकसमोर तो आता वाजवणाऱ्याचे नाव आणि साल लिहितो. आधी मूळ गाणे ऐकतो, ओळ स्वतः म्हणतो, मग थांबतो, आणि त्या थांब्यात जबाब देतो. परवा त्याने वामनदादा कर्डकांचे एक गीत घेतले आणि ओळीच्या शेवटी तो सातव्या क्रमांकाचा तुकडा वाजवून पाहिला. बसला नाही. दोन सूर गाळले, शेवटचा जरा ताणला, तेव्हा बसला. "सर, आता तो माझो झालो काय?" त्याने विचारले. मी म्हणालो, तुझाही झाला. पण मधे ज्यांचे हात लागले त्यांची नावे वहीतून खोडू नकोस.