इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज आणि कर्त्याचा प्रश्न

औषधनिर्मितीच्या नियमनात दस्तऐवज हाच पुरावा होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १९९७ च्या ‘भाग ११’ या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीबरोबर सही करणाराचे नाव, तारीख, वेळ व सहीचा हेतू नमूद असावा लागतो; दुरुस्तीने पूर्वीची नोंद झाकली जाता कामा नये. ‘वजन तपासले’ या मराठी वाक्यात कर्ता अध्याहृत राहू शकतो. नियमास मात्र कर्त्याचा लोप मान्य नाही.

तथापि नोंद कोणी केली हे यंत्र सांगते; करणाऱ्यास ती उमजली काय, हे सांगत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित अनुसूची ‘एम’मध्ये कार्यसूचना स्पष्ट व निःसंदिग्ध भाषेत असाव्यात, अशी अपेक्षा आहे. परंतु स्पष्ट कोणास? सातारा-सांगलीकडील मराठीभाषक कामगारापुढे केवळ इंग्रजी सूचना ठेवल्यास हे विशेषण लिहिणारापुरतेच खरे ठरते. ज्या सातारा जिल्ह्यात, वाई येथे, मराठी विश्वकोशाचे खंड सिद्ध झाले, तेथे परिभाषेच्या अभावाची सबब टिकत नाही. निर्यातीसाठी इंग्रजी प्रत आवश्यक आहे, हे खरे. पण तिच्याशी आवृत्तिक्रमांकाने जोडलेली मराठी प्रत नसेल, तर सही ही जबाबदारीची ग्वाही न राहता नुसती खूण उरते.