शोधगंगा : प्रबंध आहेत, पण हाती लागतात का?

बदनापूर किंवा भोकरदन तालुक्यातील एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. खडकांचा धडा चालू आहे आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो : "सर, आमच्या विहिरीला जानेवारीतच तळ दिसतो, ओढ्यापलीकडच्या विहिरीला मात्र मे महिन्यातही पाणी असतं. असं का?" अखंड, कठीण बेसाल्टमध्ये पाणी जवळजवळ मावत नाही, झिजलेल्या व भेगाळलेल्या थरात आणि दोन थरांच्या सांध्यात ते साठते, इतके शिक्षक सांगू शकतात. पण त्या ओढ्याच्या अलीकडे कोणता थर किती खोलीवर आहे हे पाठ्यपुस्तकात नसते. ते असलेच तर एखाद्या पीएच.डी.च्या प्रबंधात असते.

प्रबंध वाचायला आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात खेटे घालावे लागत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. त्या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात जमा होतात. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, आणि वाचायला एक पैसाही पडत नाही. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. आमची तक्रार वेगळी आहे. ज्या गावाची माती आणि पाणी या प्रबंधांत मोजले गेले, त्या गावच्या शिक्षकाला ते सापडावेत अशी त्यांची मांडणी नाही.

पहिली अडचण नावांची. 'जालना जिल्हा' असे शोधले तर १ मे १९८१ च्या आधीचे काम सहसा मिळणार नाही, कारण तोवर हा जिल्हाच नव्हता. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते, तर परतूर परभणीत. भूजलाचा अभ्यासक तर पुष्कळदा जिल्हा धरतच नाही, नदीचे खोरे धरतो. म्हणून दुधना, पूर्णा, कुंडलिका ही नावे घालून पाहावीत. रोमन लिपीत या नावांची स्पेलिंगे तीन-चार तऱ्हांनी होतात, तीही सगळी आलटून पालटून पाहावी लागतात. विद्यापीठाचे नाव १९९४ मध्ये बदलले आणि शहराचे २०२३ मध्ये, हेही लक्षात ठेवावे.

पिकांच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. मोसंबीला इंग्रजी शब्दकोश 'स्वीट लाइम' म्हणतो. कृषी विद्यापीठे मात्र तिला 'स्वीट ऑरेंज' म्हणतात, आणि जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही याच नावाने. शब्दकोश उघडून शोधणाऱ्या शिक्षकाला जालन्याची मोसंबी कशी सापडावी? त्यातून शेतीचे प्रबंध बहुतांशी शोधगंगेत नाहीतच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे प्रबंध 'कृषिकोश' या वेगळ्या भांडारात पाहावे लागतात. तेथे एम.एस्सी.चेही प्रबंध मिळतात, ही जमेची बाजू. मुलांच्या घरी पेरल्या जाणाऱ्या 'बीडीएन ७११' या तुरीच्या नावातली अक्षरे बदनापूरची आहेत. तेथील संशोधन केंद्राचा हा वाण. पण तो शोधताना 'तूर' हा शब्द उपयोगी पडत नाही. 'पिजनपी' किंवा 'कजानस कजान' असे टाकावे लागते.

सर्वांत मोठी अडचण मराठीत लिहिलेल्या प्रबंधांची आहे, आणि आम्हांला हीच अधिक खुपते. शीर्षक कुठे देवनागरीत असते, कुठे रोमन लिपीत. आत जावे तर पुष्कळ जुने प्रबंध म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे, आणि छायाचित्रातला शब्द संगणकाला वाचता येत नाही. काही प्रबंध टंकलिखित आहेत, पण युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये. पडद्यावर सुबक मराठी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असतात. याची परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधील एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा. अगम्य रोमन अक्षरे उमटली तर फॉन्ट जुना, ओळ उचलताच आली नाही तर ते छायाचित्र. अशा प्रबंधात आपल्या गावाचे नाव शंभर वेळा आले असले तरी शोधयंत्राच्या लेखी ते एकदाही आलेले नाही! म्हणजे इंग्रजीत लिहिणाऱ्याचे काम निदान शोधता येते, आणि गावच्या लोकांना कळावे म्हणून मराठीत लिहिणाऱ्याचे हरवते.

विद्यापीठांना यावर करण्यासारखे काही फार खर्चाचे नाही. प्रत्येक प्रबंधाच्या नोंदीत, तो कोणत्याही भाषेत असो, एक पानाचा मराठी सारांश आणि अभ्यासलेल्या गावांची व तालुक्यांची देवनागरी यादी युनिकोडमध्ये जोडावी. संशोधकाला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

प्रबंध हाती आल्यावर काय वाचावे? शोधगंगेत प्रत्येक प्रकरणाची फाइल सुटी असते, त्यामुळे सगळे उतरवून घेण्याची गरज नाही. प्रस्तावना आणि निष्कर्ष यांत बरेचदा तेच ते असते. आपण थेट निरीक्षणांच्या तक्त्यांकडे जावे. भूजलाच्या प्रबंधात विहिरींची गावे, खोली, पावसाळ्यापूर्वीची व नंतरची पाणीपातळी दिलेली असेल, तर त्यातील चार-पाच विहिरी मुलांना घेऊन पुन्हा मोजता येतात. दोरी, दगड आणि मोजपट्टी पुरते. काठाशी मात्र मोठ्यांनीच उभे राहावे. आकडा जुन्या तक्त्याशी जुळला नाही तर मुलांचे चुकले असे लगेच धरू नये. मधल्या काळात बोअर किती झाले, शेततळी किती आली, हे त्यांनी घरोघर विचारावे.

उतरवलेली प्रकरणे शाळेत जपून ठेवावीत. ब्रिटिश लायब्ररीची 'ईथॉस' ही प्रबंधसेवा ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर दीर्घकाळ बंद राहिली. तेव्हा महाजालावर आहे म्हणजे कायम आहे, असे समजू नये.

एक वर्ग मात्र या दोन्ही भांडारांबाहेर राहतो, आणि तो आपलाच आहे. एम.एड. करताना शेकडो शिक्षकांनी आपापल्या शाळेवर, गळतीवर, गणितातल्या चुकांवर, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलांवर लघुप्रबंध लिहिले. शोधगंगा मुख्यतः पीएच.डी.साठी आहे, त्यामुळे हे काम महाविद्यालयांच्या कपाटांत पडून असते. तुमच्याकडे स्वतःच्या लघुप्रबंधाची प्रत असेल, तर तिच्यातील तक्त्यांची पाने आधी स्कॅन करून ठेवा, आणि गावाचे नाव व वर्ष फाइलच्या नावातच लिहा.