स्वतंत्र मजूर पक्षाचा उदय : एका वाचनदोषाचें परीक्षण

डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं ऑगस्ट १९३६ मध्यें स्थापिलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाविषयीं जें लिहिलेलें आढळतें, त्यांत एक वाचनदोष वारंवार दिसतो. इ. स. १९४२ मध्यें नागपुरास शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, सबब हा पक्ष म्हणजे केवळ तिची पूर्वपीठिका, असें गृहीत धरून लेखक पुढें जातात. ग्रंथाचें तात्पर्य ठरवितांना मीमांसक उपक्रम व उपसंहार हे दोन्ही ताडून पाहतात, आणि मध्यें कोणत्या विषयाचा अभ्यास, म्हणजे पुनरुक्ति, आहे हेंही मोजतात. येथें उपसंहार तेवढाच घेतलेला. आणि तोही दुसऱ्या ग्रंथाचा!

उपक्रम पाहावा. पक्षाच्या जाहीरनाम्यांत जमिनीचे पडलेले तुकडे व तिजवरील लोकसंख्येचा भार यांस शेतकऱ्याच्या दारिद्र्याचें कारण म्हटलें आहे. भूतारण पेढ्या, सहकारी संस्था, धंदेशिक्षण, गिरणीकामगारांच्या कामाचे तास, लोकहितास अवश्य तेथें उद्योगांवर सरकारी ताबा, आणि खोत व तालुकदार यांच्या जुलमापासून कुळांचें संरक्षण, हे त्यांतील विषय. नांवांत जातीचा निर्देश नाहीं. ‘मजूर’ हें पद योजिलें आहे, कारण त्यांत अस्पृश्य गणलेल्यांचाही समावेश होतो. हें पद केवळ शोभेचें होतें असें म्हणणारांनीं अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर व सुरेंद्रनाथ टिपणीस हीं पक्षांतील नांवें आठवावीं. यांपैकीं एकही अस्पृश्य गणलेल्या जातींतील नव्हे.

१९३७ च्या निवडणुकीच्या आकड्यांत पाठभेद आहे. सतरा उमेदवारांपैकीं पंधरा निवडून आले असें कांहीं ठिकाणीं छापलेलें आढळतें, कांहीं ठिकाणीं चौदा. दुसऱ्या पाठास फोड दिलेली आहे : राखीव १३ जागा लढवून ११, सर्वसाधारण ४ लढवून ३. ज्या पाठाची बेरीज तपासतां येते तोच मला ग्राह्य वाटतो. मुंबईच्या खालच्या सभागृहांत एकंदर १७५ जागा होत्या, तेव्हां चौदा ही संख्या मोठी नव्हे. पण वर्षही न झालेल्या पक्षाला ती उपेक्षणीयही नव्हे. या यशाचें एक कारण बहुतेक लेखक सोडून देतात. अनेक प्रतिनिधींच्या मतदारसंघांत मतदारास आपलीं सर्व मतें एकाच उमेदवारास देण्याची मुभा मुंबई इलाख्यांत होती. संख्येनें अल्प पण एकजुटीच्या मतदारांस या पद्धतीचा लाभ होतो. नेत्याच्या थोरवीवर पानेंच्या पानें लिहिणारांस मतपत्रिकेवर दोन ओळी लिहिण्यास सवड सांपडूं नये, याचें नवल वाटतें.

आतां अभ्यास. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं खोती नष्ट करण्याचें विधेयक डॉ. आंबेडकरांनीं मांडलें. खोतांस वाजवी भरपाई द्यावी व प्रत्यक्ष जमीन कसणारास हक्क मिळावा, हा त्याचा आशय. जानेवारी १९३८ मध्यें शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस कौन्सिल हॉलवर आला. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यांत कम्युनिस्टही सामील होते. जमीन आणि मजुरी, पुनः जमीन आणि मजुरी! निवडून आलेल्यांपैकीं बहुतेक राखीव जागांवरचे होते, आणि पक्षाचा विस्तार त्याच्या नांवाइतका झाला नाहीं, हें खरेंच. परंतु ती फलाची न्यूनता झाली. तीवरून तात्पर्य बदलतां येत नाहीं.

आम्हां संग्राहकांसही येथें थोडें बोलणें प्राप्त आहे. खोतांच्या सनदा, महजर व वतनपत्रें आम्ही रेशमी रुमालांत बांधून ठेवितों. कुळाच्या हातची पावती, सभेचें हस्तपत्रक, ‘जनता’ साप्ताहिकाचा फाटका अंक हे मात्र रद्दींत जातात. यांचा कागद हलका. दोनशें वर्षांची सनद टिकेल, हे टिकणार नाहींत. मग पुढील संशोधकास वादांतील एकच पक्ष बोलतांना ऐकूं येईल. ज्यांच्यापाशीं रत्नागिरी व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील बस्ते आहेत, त्यांनीं असले चिटोरे वेगळे काढून त्यांची यादी करावी. आणखी एक काम आहे. १९३७ चें विधेयक संमत झालें नाहीं. खोती कायद्यानें गेली ती १९४९ मध्यें. हे दोन्ही मसुदे समोरासमोर ठेवून कलमवार ताडून पाहिले पाहिजेत.