तळघरातून वर आलेल्या तिघी

लेकीनं वॉशिंग्टनहून फोटो पाठवला. अमेरिकेच्या संसदभवनातला, म्हणजे कॅपिटॉलच्या मोठ्या घुमटाखालचा. पांढऱ्या संगमरवराचा ओबडधोबड ठोकळा आणि त्यातून छातीपर्यंतच वर आलेल्या तीन बायका. खाली तिनं लिहिलं होतं, "आई, काम अर्धवटच राहिलंय वाटतं!"

मलाही आधी तसंच वाटलं. आपल्या डोळ्यांना बस्तीतल्या प्रतिमांची सवय. सगळं कसं रेखीव, पूर्ण. मग या तिघींविषयी वाचलं आणि मत बदललं.

या लुक्रेशिया मॉट, एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुसान बी. अँथनी. बायकांना मत मिळावं म्हणून जन्मभर झटल्या. अँथनीनं १८७२ साली कायदा मोडून मत टाकलं. तिला अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला. तो तिनं कधी भरला नाही. देशभरातल्या बायकांना घटनेनं हा हक्क दिला तो १९२० मध्ये. तोवर तिघीही गेल्या होत्या. म्हणजे शिल्पकार अ‍ॅडलेड जॉन्सन हिनं दगड अर्धा कोरलेला ठेवला, ते बरोबरच केलं. मागे एक भाग तर नुसताच, बिनकोरलेला आहे. पुढच्या कुणासाठी जागा धरून ठेवल्यासारखा.

शिल्प म्हणून एक उणीव मात्र जाणवते. तिघी एका दगडात आहेत, पण एकमेकींशी बोलत नाहीत. तीन सुटे अर्धपुतळे शेजारी मांडावेत तसं दिसतं. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून लढलेल्या बायका अशा अलिप्त कशा?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १५ फेब्रुवारी १९२१ ला, अँथनीच्या जन्मदिवशी, घुमटाखाली थाटात अनावरण झालं आणि थोड्याच दिवसांत शिल्प खालच्या मजल्यावर हलवलं. त्यावरचा सोनेरी लेखही रंग फासून झाकून टाकला! शिल्प परत वर आलं १९९७ मध्ये. शहात्तर वर्षांनी. तेही हलवण्याचा खर्च लोकांनी वर्गणी काढून दिला तेव्हा.

आपल्याकडेही प्रतिमा भुयारात ठेवत, पण त्या जपण्यासाठी. इथं मान द्यायचा, फोटो काढायचे आणि मग खाली नेऊन ठेवायचं. हे काही परक्या देशातलंच नाही हं! आमच्या घरी सासऱ्यांचा फोटो हॉलमध्ये आणि सासूबाईंचा स्वयंपाकघराच्या दाराशी. वीस वर्षं मीच दोन्ही पुसत आले, कधी खटकलं नाही.

वर आलेल्या तिघीही गोऱ्याच. गुलामीतून सुटून बायकांच्या हक्कांसाठी बोलणारी सोजर्नर ट्रूथ त्यांत नाही, अशी तक्रार तेव्हाच झाली. तिचा अर्धपुतळा त्याच इमारतीत बसला २००९ मध्ये, पण वेगळ्या दालनात. म्हणजे मागचा तो कोरा दगड अजून कोराच.

म्हणून मला वाटतं, पुतळा कुणाचा हे विचारून थांबू नये. तो कुठे ठेवलाय, त्याखालचं नाव वाचता येतं का, आणि शेजारी कोण नाही, हेही विचारावं. आमच्या बस्तीत यंदा देणगीदारांची नवी पाटी लागणार आहे. जुनीवर बायका फक्त 'धर्मपत्नी' आहेत. नव्या पाटीसाठी त्यांची नावं मी लिहून दिली आहेत. लागतात का, बघू.