निसर्गाचा ठसा आणि जेवणाची ताटली : ब्राकमाँच्या ‘सर्व्हिस रूसो’चा पुनर्विचार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच उपयोजित कलेच्या अभ्यासात ‘सर्व्हिस रूसो’ या भोजनसंचाचा निर्देश जपानी प्रभावाचे आद्य उदाहरण म्हणून होत असतो. फेलिक्स ब्राकमाँ (१८३३–१९१४) या मुद्राचित्रकाराने होकुसाई व हिरोशिगे यांच्या ठसाचित्रांतील पक्षी, मासे, कीटक ताटल्यांवर आणले आणि फ्रेंच सजावटीला निसर्गाकडे पाहण्याची नवी दृष्टी लाभली, अशी ही मांडणी आहे. ती चुकीची नाही. मात्र अपुरी आहे. प्रभावाची चर्चा करताना ही भांडी प्रत्यक्षात कशी घडली, हा प्रश्न मागे पडतो. या संचाचे वेगळेपण, माझ्या मते, त्या घडणीतच आहे.

पॅरिसमधील काच व चिनी मातीच्या वस्तूंचा व्यापारी युजीन रूसो (तत्त्वचिंतक रूसोशी याचा संबंध नाही) याने १८६६ मध्ये हे काम ब्राकमाँकडे सोपविले. संच क्रेय-मोंतरो येथील कारखान्यात तयार झाला व १८६७ च्या पॅरिस विश्वप्रदर्शनात मांडला गेला. ब्राकमाँने भांडी स्वतः रंगविली नाहीत. त्याने ताम्रपटांवर अम्लरेखन केले. एकेका कागदावर कोंबडा, बदक, मासा, फुलपाखरू, फुलांची डहाळी अशा सुट्या आकृत्या छापल्या जात. कारखान्यातील कामगार त्या कापून भांड्यांवर मांडीत, ठसा उतरवीत आणि त्यात हाताने रंग भरीत. बहुधा एक मोठी आकृती, एक मध्यम व एखादा लहानसा कीटक अशी योजना असे.

म्हणजे ज्या असममित रचनेचे श्रेय आपण जपानी दृष्टीला आणि ब्राकमाँच्या प्रतिभेला देतो, तिचा काही भाग कात्री हाती असलेल्या कामगाराचा होता. त्याच आकृती वेगवेगळ्या भांड्यांवर वेगवेगळ्या सोबत्यांसह येतात. ही शक्यता मुद्राचित्रणाने निर्माण केली. हाताने काढलेले चित्र एकाच जागी बांधलेले राहते. ठसा मात्र कापता येतो, हलविता येतो.

या कृतीत निसर्गाचे काय होते, हे पाहण्यासाठी ब्राकमाँचेच १८५२ चे अम्लरेखन शेजारी ठेवावे. त्यात दाराच्या फळीवर खिळ्यांनी ठोकलेले मृत पक्षी आणि एक वटवाघूळ आहे. पिसांचे थर आणि लाकडाचा पोत यांमुळे लोंबणाऱ्या देहांचे वजन जाणवते. ताटलीवरच्या पक्ष्याला वजन नाही. त्याच्या पायाखाली जमीन नाही, सावली नाही, आणि शेजारचा कीटक प्रमाणाचे बंधन पाळीत नाही. कागदावरची कोरी जागा कशी बोलकी करावी हे अम्लरेखकाला ठाऊक असते. येथे ते काम झिलईचा शुभ्रपणा करतो. जिवंतपणा वाढला, परंतु अधिवास गेला. या पक्ष्यांना घरटे नाही आणि भक्ष्यही नाही. शिवाय जेवण वाढले की चित्रातला मासा खऱ्या माशाखाली झाकला जाई! हा विनोद तत्कालीन यजमानांच्या लक्षात आला नसेल, असे मानणे कठीण आहे.

१८७२ पासून ब्राकमाँने हाव्हिलाँ कंपनीच्या ओतय येथील कार्यशाळेचे नेतृत्व केले. त्या काळातील ‘सर्व्हिस पारिझियँ’मध्ये पाऊस, वादळ असे हवामानाचे संपूर्ण देखावे आहेत. तेथे ताटली पुन्हा चौकटबंद चित्र झाली. त्यातील कौशल्य अधिक परिपक्व आहे, पण मला ती माघार वाटते. आधीच्या संचाचे धाडस चित्र अपुरे, मोकळे ठेवण्यात होते आणि ते पुरे करण्याचे काम दुसऱ्याच्या हाती होते. संग्रहालयांतील नोंदींत रूसो, ब्राकमाँ व कारखाना यांची नावे येतात. आकृती कापून मांडणाऱ्याच्या कामासाठी मात्र त्या नोंदींत स्वतंत्र रकानाच नसतो.