टिबुकलीचे सोयरे कोण?

सालिम अली आणि एस. डिलन रिप्ले यांच्या दहा खंडांच्या ‘हँडबुक ऑफ द बर्ड्स ऑफ इंडिया अँड पाकिस्तान’ या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्याचे उपशीर्षक आहे ‘डायव्हर्स टू हॉक्स’. सोलापूर जिल्ह्यातील मैंदर्गीच्या शिक्षकाने तो उघडला, तर आरंभीच त्याला उत्तरेकडील थंड प्रदेशांतील डायव्हर भेटतात आणि त्यांच्यामागोमाग आपल्या तळ्यातील टिबुकली येते. शिक्षकांच्या दृष्टीने या खंडात एक गोष्ट जुनी झाली आहे, तर दुसरी आजही अमोल आहे, असे आम्हांस वाटते.

जुना झाला आहे तो पक्ष्यांचा क्रम. डायव्हर आणि टिबुकली या दोघांचेही पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाशी असतात. त्यामुळे ते पाण्यात सफाईने बुडी मारतात, पण जमिनीवर अडखळतात. दोघांचीही पिल्ले आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. एवढे साम्य पाहून जुन्या वर्गीकरणात त्यांना शेजारी बसवले गेले. परंतु पाय नीट पाहावेत. डायव्हरची पुढची बोटे पडद्याने जोडलेली असतात, तर टिबुकलीच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र पाळ असते. २००१ सालापासूनच्या डीएनए-अभ्यासांनी तर टिबुकलीच्या गणाचे सर्वांत जवळचे हयात नातलग म्हणून रोहित पक्ष्याकडे बोट दाखवले. उजनीच्या उथळ पाण्यात लांब पायांवर उभा राहणारा हा पाहुणा टिबुकलीचा खरा सोयरा! सारखे काम करता करता वेगळ्या कुळांतील प्राणी सारखे दिसू लागतात, हा उत्क्रांतीचा धडा येथे आयताच मिळतो. १९६८ मध्ये हे ठाऊक नव्हते, म्हणून लेखकांना दोष देता येत नाही. आज मात्र तो क्रम नात्याचा पुरावा म्हणून शिकवू नये.

अमोल आहे ती विणीची माहिती. या ग्रंथात पक्ष्याच्या विणीला स्वतंत्र परिच्छेद मिळतो. आजच्या बहुतेक खिशात मावणाऱ्या पुस्तकांत ओळखीच्या खुणांनीच जागा व्यापलेली असते. मग विद्यार्थी नाव सांगतो आणि तेथेच थांबतो. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ग्रेट नॉर्दर्न डायव्हर कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड येथील तळ्यांच्या काठी बहुधा २ अंडी घालतो आणि हिवाळा समुद्रात काढतो. त्याची वीण बर्फ वितळण्यावर अवलंबून असते. टिबुकलीचे घरटे म्हणजे पाणवनस्पतींना अडकवलेला ओल्या पाल्याचा तरंगता ढीग. घरट्यातून उठताना ती अंडी पाल्याने झाकते. तिची सारी भिस्त तळ्यातील पाण्यावर.

येथेच ग्रंथाची मर्यादा दिसते. विणीचा हंगाम तो साऱ्या उपखंडाच्या मापाने सांगतो. अक्कलकोट तालुका कमी पावसाचा. येथे पुष्कळदा सप्टेंबरच्या पावसानेच तळी भरतात. मग मैंदर्गीच्या परिसरातील टिबुकली घरटे नेमके केव्हा बांधते? याचे उत्तर तेथील शाळेनेच शोधायला हवे. दर आठवड्याला काठावरूनच, घरट्याजवळ न जाता, पाण्याची पातळी, पहिले घरटे आणि पाठीवरची पिल्ले यांची तारखेसह नोंद ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी म्हणजे या थोर ग्रंथाला जोडलेली मैंदर्गीची पुरवणीच ठरेल.